काठाला लागलेला तराफा

"बुडाली ती," चारुशीलाबाई म्हणाल्या. "दोर तुटला, तराफा उलटला आणि पोर बुडाली. यात मतभेदाला जागाच कुठे आहे?"

"बुडाली कुठली! काठाला लागली," खिडकीपलीकडे गॅलरीत बसलेले मुकुंदराव म्हणाले. "घाटाच्या पायरीवर बसून पदर पिळला तिनं. आत्ताच बघितलं मी."

"अहो, शेवटी तो नावाडी एकटाच नदीकडे बघत उभा आहे. कशाला उभा आहे मग? हवा खायला?"

"एकटा कुठे? ती आहे की शेजारी."

चारुशीलाबाईंनी चहाचा कप बशीत ठेवला. शाळेची मुख्याध्यापिका म्हणून त्यांची हयात गेली होती. समोरचा मुलगा खोटे बोलतो आहे, विसरला आहे, की त्याला मुळात धडा कळलेलाच नाही, हे त्या नुसत्या चेहऱ्यावरून ओळखत. मुकुंदराव खोटे बोलत नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावर इतकी स्वच्छ खात्री होती, की बाईंच्या काळजात चर्र झाले.

असे घडण्याची ही पहिली वेळ नव्हती. दिवाळीनंतर दोघांनी खटल्याचा एक चित्रपट पाहिला. त्यात निरपराध बाप फासावर गेला. मुकुंदराव म्हणाले, सुटला. संक्रांतीच्या सुमारास एका खेडेगावच्या डॉक्टराची गोष्ट पाहिली. त्यातली लहान मुलगी तापाने गेली. मुकुंदराव म्हणाले, बरी होऊन झोपाळ्यावर बसली. दर वेळी बाईंनी त्यांना दुरुस्त केले आणि दर वेळी थोडी हुज्जत घालून ते शेवटी म्हणाले, "असेल बाई. तू म्हणतेस तसंच असेल."

आज «नावाड्याची बहीण» या जुन्या कृष्णधवल चित्रपटानंतरही ते तेच म्हणाले. बाईंनी वाद जिंकला, आणि जिंकल्याची त्यांना धास्ती वाटली.

मुकुंदराव शिराळकर पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. धरणे बांधता बांधता त्यांना एक छंद जडला होता, चित्रपट जमवण्याचा. कुठल्या गावी बदली झाली की तिथल्या दुकानातून, कुणा शौकिनाच्या कपाटातून त्यांनी सीडी आणल्या, मग डीव्हीडी, मग हार्ड डिस्का. मिरजेच्या त्यांच्या फ्लॅटमधल्या संगणकात हे सारे भरलेले होते, पण धान्याच्या कोठारात उंदीर शिरावेत तसे अस्ताव्यस्त. एकच चित्रपट चार जागी चार नावांनी पडलेला; एखाद्याचा पहिला भाग एका डिस्कवर, तर दुसरा भाग कुठे हे ब्रह्मदेवालाही सांगता येऊ नये. हवा तो चित्रपट सापडेपर्यंत चहा निवत असे आणि बाईंचा पारा चढत असे.

म्हणून, मुकुंदरावांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली त्या वर्षी, त्यांच्या मुलीने, केतकीने, पुण्याहून येऊन संगणकावर 'भांडारी' बसवून दिला. तोवर तशी यंत्रणा घरोघरी रुळू लागली होती. भांडारी प्रत्येक चित्रपट उलगडून त्याची दृश्ये सुटी करी, त्यांतले चेहरे, आवाज आणि जागा ओळखी, आणि प्रत्येक दृश्याचा आकड्यांनी बनलेला एक ठसा काढी. फाइलला नाव काहीही असो, ठसे जुळले की चित्रपट एकच. मग सर्वांत स्वच्छ प्रत पुढे ठेवायची, बाकीच्या मागे सारायच्या, तुकडे जोडायचे, आणि कोणी नुसते "ते विहिरीवरचं भांडण असलेला सिनेमा" म्हटले तरी नेमका तोच लावून द्यायचा, ही त्याची कामे.

त्याहून कौतुकाचे काम दुरुस्तीचे. चित्रपट म्हणजे एका सेकंदाला चोवीस चित्रे. जुन्या फितीवर ओरखडे असत, मधली चित्रे गळालेली असत. भांडारी अलीकडचे आणि पलीकडचे चित्र पाही, मधले कसे असले पाहिजे याचा हिशेब मांडी आणि ते नव्याने रंगवी. नटाची चाल, त्याच्या आवाजाची पट्टी, त्याच्या अंगावर पडणारा उजेड हे सारे तो त्याच चित्रपटातून शिकलेला असे. त्यामुळे भरलेली जागा आणि मूळची जागा यांतला सांधा कोणाच्या नजरेला येत नसे. एक चित्र असे भरता येते, त्याअर्थी हजार चित्रेही भरता येतात, हा विचार तेव्हा कोणी पुढे नेला नाही. ओरखडे गेले याचे कोणाला दुःख होते?

आता बसण्याची व्यवस्था. बाईंना चित्रपट भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर, भरपूर उजेडात आणि भरपूर आवाजात लागे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर मुकुंदरावांना तो उजेड सोसेना. मग ते गॅलरीत वेताच्या खुर्चीवर टॅब्लेट घेऊन, कानांत इयरफोन घालून बसू लागले. भांडारी एकाच क्षणी दोन्हीकडे चित्रपट सुरू करी, म्हणून दोघांना वाटे की आपण एकत्र चित्रपट पाहतो. चित्रपट सुरू झाल्यावर शेवटपर्यंत जागचे उठायचे नाही, हा बाईंचा नियम होता. चालू तासाला वर्गातून उठून जाणे आणि चालू चित्रपटातून उठणे त्यांच्या लेखी सारखेच.

डॉक्टर नाझनीन मुजावर मेंदूच्या विकारांच्या नामांकित तज्ज्ञ होत्या. पण एकेकाळी त्या बाईंच्या शाळेत पहिल्या बाकावर बसत, आणि ते दोघींपैकी कोणीही विसरले नव्हते. बाई आत येताच डॉक्टर खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या.

"बस, बस," बाई म्हणाल्या.

डॉक्टर बसल्या. "काका, झोप कशी लागते?"

"दोनदा उठतात," बाई म्हणाल्या.

"काका, सकाळी नाश्त्याला काय खाल्लंत?"

"उपमा. मिरची बाजूला काढून ठेवली."

"काका, कधी घाबरल्यासारखं होतं का?"

"ते घाबरायचे नाहीत," बाई म्हणाल्या. "मीच घाबरते."

मुकुंदराव भिंतीवरचे मेंदूचे चित्र कुतूहलाने न्याहाळत होते. बाईंना मध्येच थांबवण्याचे धैर्य डॉक्टरांना शाळेतही झाले नव्हते, इथेही झाले नाही. तपासण्या झाल्या. मेंदूच्या प्रतिमेत वयाला शोभेल एवढीच झीज होती. आकडे, तारखा, उलट्या क्रमाने म्हटलेले वार, सगळे नीट होते. मग डॉक्टर सावकाश बोलल्या, "पण बाई, तुम्ही सांगता ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. नुकतंच पाहिलेलं बदलून सांगणं, आणि तेही इतक्या खात्रीनं. आठवणीत खड्डा पडला की मेंदू कधीकधी तो स्वतः रचलेल्या गोष्टीनं भरून काढतो. माणूस खोटं बोलत नसतो. त्याला ते खरंच घडलेलं वाटतं. आणि हे वाढत जातं."

मुकुंदरावांची प्रत्येक चूक सुखाच्या बाजूला झुकलेली होती. त्यांच्या विस्मरणात कधी जिवंत माणूस मेला नव्हता, मेलेलाच जिवंत झाला होता. आजार एवढा निवडक नसतो. हे त्या खोलीतल्या एकाही शहाण्या माणसाला खटकले नाही.

बाई निर्णयाला वेळ लावणाऱ्यांतल्या नव्हत्या. केतकीच्या घराजवळ स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी चांगला निवास होता. एक तारखेपासून तिथे मुकुंदरावांची खोली ठरली. बाई केतकीकडे राहणार आणि ठरल्या वेळी भेटायला जाणार. मिरजेचे घर बंद. निवासात घरचा संगणक, घरचा टॅब्लेट चालत नसे. मनाला गोंधळात टाकणारी जुनी साधने नकोत, असा तिथला दंडक.

"मी इथंच माझ्या खोलीत राहिलो तर नाही का भागणार?" मुकुंदरावांनी विचारले. एकदाच विचारले.

"आज सिनेमाचा शेवट विसरताय. उद्या गॅस विसराल, परवा घर."

"बरं."

त्या "बरं"नंतर मुकुंदरावांनी पुन्हा विषय काढला नाही. शर्टांच्या घड्या घातल्या, वहाणांना नवा पट्टा लावून आणला. शेजारच्या वसाहतीतल्या चित्रपट मंडळाने त्यांचा सगळा संग्रह ठेवून घ्यावा, म्हणून तिथल्या चिटणिसाशी बोलून आले. बाईंना ही मुकाट तयारी पाहवत नव्हती. नवऱ्याने भांडावे, आदळआपट करावी, असे त्यांना आयुष्यात प्रथमच वाटले.

जाण्यापूर्वीचा शेवटचा रविवार आला. कोणता चित्रपट लावायचा, असे बाईंनी विचारले. एरवी त्या विचारत नसत.

"«नावाड्याची बहीण» लाव," मुकुंदराव म्हणाले. "एकदा डोळ्यांत तेल घालून बघतो. या खेपेला चुकलो, तर गुपचूप गाडीत बसतो."

"आणि नाही चुकलात तर?"

"तर तू मिसळ कर. तर्रीवाली. डॉक्टरला न विचारता."

बाई हसल्या आणि तोंड फिरवून पडदे ओढू लागल्या.

चित्रपट सुरू झाला. कृष्णेसारखी एक नदी, तिच्यावर तराफा चालवणारा तरुण, आणि त्याची धाकटी बहीण. आईबाप नसलेली, भावाच्या जिवावर वाढलेली, त्याच्याशी सतत भांडणारी. बाईंचे लक्ष पडद्यावर नव्हते. खिडकीच्या चौकटीतून त्यांना नवऱ्याचे मागून दिसणारे पांढरे डोके दिसत होते. ते जराही हलत नव्हते. परीक्षेला बसलेल्या मुलासारखे ताठ होते.

पडद्यावर नदीला पूर चढला. पलीकडच्या काठावर अडकलेली बहीण भावाला न सांगता एकटीच तराफ्यावर चढली. दोराचा पीळ सुटू लागला. आणि आपण घातलेला नियम बाईंनी आपणच मोडला. यापुढे रविवार वेगवेगळ्या घरांत जाणार होते; मग हा शेवटचा भाग तरी त्यांच्या शेजारी बसून पाहावा, एवढेच त्यांच्या मनात होते. त्या उठल्या आणि गॅलरीत जाऊन वेताच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या.

मागे खोलीत दोर तुटला. बाईंनी तो आवाज ऐकला. पाण्याचा लोंढा, लाकडांचा कडकडाट, आणि मग नावाड्याने फोडलेला तो टाहो. तो आवाज त्यांना पाठ होता.

आणि त्यांच्या डोळ्यांसमोर, मुकुंदरावांच्या हातातल्या टॅब्लेटवर, दोर तुटला नाही. भावाने कंबरभर पाण्यात उतरून तो दोन्ही हातांनी धरला, मागे रेलला, आणि तराफा घाटाच्या पायरीला लागला. मुलगी उतरली. तीच नटी, तेच नाकाचे टोक, तीच ठिगळ लावलेली चोळी. पायरीवर बसून तिने पदर पिळला आणि भावाला म्हणाली, "असा काय बघतोस? भाकरी आहे का घरात?" आवाजही तिचाच.

बाईंचा हात नवऱ्याच्या खांद्यावर पडला. मुकुंदराव दचकले. त्यांनी कानांतले इयरफोन काढले. खोलीत अजून टाहो घुमत होता; तो त्यांना आता प्रथमच ऐकू आला. त्यांनी खिडकीतून आत पाहिले, मग टॅब्लेटकडे, मग बायकोकडे. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"चारू," ते दबक्या आवाजात म्हणाले, "ही इथं पायरीवर बसलीय. तुलाही दिसतेय ना?"

"दिसतेय."

"खरं सांग. माझ्या समाधानासाठी म्हणू नकोस."

"पदर पिळतेय," बाई म्हणाल्या. "आणि भाकरी मागतेय. अहो, मला स्वच्छ दिसतेय."

मुकुंदरावांनी टॅब्लेट मांडीवर पालथा ठेवला. 

"लहानपणी इस्लामपूरला बघितला होता मी हा," ते मग म्हणाले. "मंदाला घेऊन गेलो होतो. तेव्हा ती बुडाली होती, हे मला पक्कं आठवत होतं. मंदानं रडून माझी बाही भिजवली होती. आणि आता या वयात बघतो, तर डोळ्यांदेखत ती काठाला लागली! म्हणजे तेव्हाचं तरी खोटं किंवा आत्ताचं तरी. तू म्हणालीस बुडाली. म्हटलं, संपलं. डोकं गेलं आपलं. मग भांडायचं कोणत्या तोंडानं?"

फोन लावताच केतकीने पुण्यात बसून मिरजेच्या घरचा संगणक दुरूनच उघडला. स्पीकरवर तिचा आवाज आला, तो आधी गोंधळलेला आणि मग एकदम थंड.

"आई, बाबांच्या टॅब्लेटवर 'अनुकूल दर्शन' चालू आहे."

"सरळ मराठीत सांग."

"सांगते. हृदयाचा ठोका पडला की चेहऱ्याच्या कातडीत रक्त येतं आणि तिचा रंग किंचित बदलतो. आपल्याला दिसत नाही, पण टॅब्लेटच्या कॅमेऱ्याला दिसतो. त्यावरून नाडी कळते. डोळ्यातली बाहुली लहानमोठी होते, नजर पडद्यावरून ढळते, पापण्या मिटतात, तेही कळतं. म्हणजे बघणारा कुठल्या दृश्याला अस्वस्थ होतो, हे त्याला शिकता येतं. शिकवलेलं काम असं, की माणसानं सिनेमा शांतपणे शेवटपर्यंत बघितला पाहिजे. आधी ते नुसता आवाज कमी करत असणार, मग एखादं दृश्य आखूड. बाबांची नाडी तरी वाढतच राहिली. मग त्यानं ओरखडे भरतात तसं अख्खं दृश्यच भरून टाकलं. संगणक रिकामा असतो, तेव्हा आधीच तयार करून ठेवतं."

"कोणाला विचारून?" बाईंचा आवाज शाळेच्या मैदानावरचा होता. "कोणी सांगितलं त्याला हे उद्योग करायला?"

"विचारतं ना. आधी प्रत्येक माणसाबद्दल प्रश्न विचारतं. या व्यक्तीला कशाचा त्रास होतो, तो कितपत टाळायचा. बाबा, तुम्ही काय उत्तर दिलं होतं?"

"मला कोणी विचारलंच नाही," मुकुंदराव म्हणाले. त्यात तक्रार नव्हती. डॉक्टर नाश्ता विचारतात तेव्हा भिंतीकडे पाहणाऱ्या माणसाची ती साधी माहिती होती.

 बाईंना ती दुपार दिसली. मुकुंदराव रुग्णालयातून घरी आलेले, छातीवर पट्टी, गुंगीत झोपलेले. संगणकाच्या पडद्यावर प्रश्न. दर्शकाचे नाव, वय, आजार. मरण, रक्तपात, ताटातूट यांचा त्रास होतो का? 'होतो.' किती टाळावा? 'पूर्णपणे.' घराचा मुख्य सदस्य कोण? तिथे बाईंनी आपले नाव घातले होते. दुसरे कोणाचे घालायचे?

"म्हणजे चारू," मुकुंदराव म्हणाले, "हे यंत्र तुझ्याच माहेरचं निघालं की!"

आणि ते हसले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. पलीकडे केतकीलाही हसू आवरेना. बाई हसल्या नाहीत. पदराचे टोक त्या बोटाला गुंडाळत आणि सोडत राहिल्या.

डॉक्टर मुजावरांकडे पुन्हा जाणे झाले. सगळे ऐकून डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि उभे राहून त्या म्हणाल्या, "बाई, तुम्ही जरा बाहेर बसता का?"

हे वाक्य उच्चारायला त्यांना किती धैर्य लागले असेल, ते बाईंना बरोबर कळले. त्या उठल्या आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या. आतून नवऱ्याचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते, पण आवाज बराच वेळ येत होता. हा माणूस एवढे बोलतो, हे त्या विसरूनच गेल्या होत्या.

दार उघडले तेव्हा डॉक्टर हसत होत्या. "काकांची आठवण माझ्यापेक्षा चांगली आहे. शाळेत असताना मला तुम्ही का अंगठे धरून उभं केलं होतं, तेही त्यांनी सांगितलं. तुम्ही त्यांना घरी येऊन सांगितलं होतंत म्हणे."

निवासातली खोली त्याच दिवशी नाकारली. संध्याकाळी बाईंनी मिसळ केली.

प्रश्न राहिला तो संग्रहाचा. "बदललेल्या सगळ्या प्रती पुसून टाकते," केतकीने फोनवर सांगितले. "मूळ सिनेमे सुरक्षित आहेत. एका क्षणात सगळं पूर्ववत होईल."

"पुसच," बाई म्हणाल्या. "खोटं ते खोटं."

"थांब जरा," मुकुंदराव म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे पाहिले. मुकुंदराव संगणकासमोर जाऊन बसले होते.

"बाकीचे पूस, केतकी. फासावरचा बाप सुटला काय नि न सुटला काय, माझं काही अडत नाही. पण हा एक ठेव. हा «नावाड्याची बहीण» नाही, हे मला मान्य. ज्यांनी तो काढला त्यांनी ती बुडवली, आणि विचार करून बुडवली असणार. त्यांच्या नावाखाली हा ठेवायचा नाही. पण कोणीतरी माझ्यासाठी एक गोष्ट रचली आणि तीत ती वाचली. तेवढीही फेकू नये."

त्यांनी नवीन फोल्डर उघडला, ती प्रत त्यात टाकली, आणि एका बोटाने एकेक अक्षर टंकून तिला नाव दिले: «मुकुंदाची बहीण».

 मंदा मुकुंदरावांची एकुलती धाकटी बहीण. ती बेळगावला वारली तेव्हा मुकुंदरावांच्या छातीचे टाकेही निघाले नव्हते. त्यांनी जायचे नाही असे बाईंनी ठरवले, आणि ते गेले नाहीत. बाई एकट्या गेल्या, सगळे विधी होईपर्यंत राहिल्या, परत आल्या. तिचे शेवटचे दिवस कसे गेले, हे मुकुंदरावांनी विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही.

"तुझं बरोबरच होतं," मुकुंदराव पडद्याकडे पाहतच म्हणाले. बाईंच्या मनात काय आहे, हे त्यांना न विचारता कळत असे. ते तसे कधी दाखवत नसत, एवढेच. "मला प्रवास झेपलाच नसता. पण त्याचं काय झालं, चारू, की मंदा माझ्या लेखी अजून गेलेलीच नाही. फोन वाजला की वाटतं, तीच. गणपतीला येईल असं वाटतं. दोन वर्षं ती माझ्या डोक्यात तराफ्यावर बसून आहे. ना या काठाला, ना त्या काठाला."

त्यांनी मूळ चित्रपटावर बोट ठेवले.

"एकदा बुडू दे तिला."

"आत्ता? आज राहू द्या ना," बाई म्हणाल्या. "आज तुमची दगदग झालीय."

मुकुंदरावांनी नुसते वळून पाहिले. बाईंनी ओठ मिटले.

या वेळी ते गॅलरीत गेले नाहीत. बाईंनी भिंतीवरच्या पडद्याचा उजेड त्यांच्या डोळ्यांना सोसेल इतका मंद केला. दिव्याची वात कमी करावी इतके ते सोपे होते, आणि एवढ्या महिन्यांत त्यांना सुचले नव्हते. दोन खुर्च्या शेजारी लावल्या. 'अनुकूल दर्शन' बंद झाले होते. भिंतीवरच्या पडद्यातला कॅमेरा तेवढा चालू होता. मुकुंदरावांचे हृदय आहे तेच होते, आणि धोक्याची सूचना देणे ही भांडारीची कायदेशीर जबाबदारी होती.

नदी वाहू लागली. भाऊबहीण भांडले, रुसले, एकाच ताटात जेवले. बाई पडद्याकडे पाहत होत्या खऱ्या, पण त्यांचा कान शेजारच्या श्वासावर होता. पूर चढला तसा तो श्वास जड झाला. बहीण पलीकडच्या काठावरून तराफ्यावर चढली, तेव्हा मुकुंदरावांच्या गालावरून पाणी ओघळले, आणि त्यांनी ते पुसले नाही. 

चित्र जागच्या जागी थांबले. भांडारीचा मऊ, अदबशीर आवाज खोलीत उमटला.

"चारुशीलाबाई, मुकुंदरावांच्या हृदयाचे ठोके वाढले आहेत. त्यांना त्रास होत आहे. चित्रपट बंद करू का?"

बाईंच्या ओठांवर उत्तर तयार होते. कितीतरी वर्षांपासून ते तयारच होते. डॉक्टर, सोनार, शिंपी, रेल्वेचा तिकीट तपासनीस, ज्याने ज्याने आजवर या माणसाकडे पाहून काही विचारले होते, त्या सर्वांना ते मिळाले होते. उत्तर चुकीचे नसे.  यंत्राने बाईंची नाडी मोजली असती, तर तीही थोडी भरली नसती. औषधाची गोळी मुठीत घट्ट धरलेली होती.

"मला काय विचारतोस?" त्या म्हणाल्या. आवाज फुटला, म्हणून त्यांना तो पुन्हा लावावा लागला. "त्यांना विचार."

 यंत्रालाही हे नवीन होते.

"मुकुंदराव," भांडारी म्हणाला, "चित्रपट बंद करू का?"

मुकुंदराव खुर्चीत पुढे सरकून बसले.

"चालू दे," ते म्हणाले. आणि दोर तुटला.